दोन ग्लुकोमीटर, दोन आकडे – आईसाठी कुठला ठेवू? आणि स्ट्रिप्सचा खर्च कसा भागवता?

मानसी_फोंडा

नमस्कार मंडळी. आईला (वय ६३) शुगर आहे, बरीच वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, इन्सुलिन नाही. घरात एक जुनं ग्लुकोमीटर आहे नावाजलेल्या कंपनीचं, पण त्याची ५० स्ट्रिप्सची डबी हजाराच्या घरात जाते म्हणून दादाने चतुर्थीला येताना एक स्वस्तातलं मशीन ऑनलाइन मागवून आणलं, त्याच्या स्ट्रिप्स जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळतात. तेव्हापासून घरात दोन मशीनं आणि रोज सकाळी वाद.

परवा उपाशीपोटी एकाच बोटाच्या रक्तावर जुन्यावर १३९ आणि नव्यावर १५६ आलं. त्याच सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला होता, त्याचा रिपोर्ट संध्याकाळी आला तो १२८. आई म्हणते लॅबचंच खरं, दोन्ही मशीनं देऊन टाका कुणाला तरी. दादा म्हणतो १५-२० चा फरक चालतो. फार्मसीवाला म्हणतो स्वस्तातलं घेऊच नका.

मला नीट कळायला हवंय की स्वस्त म्हणजे कमी अचूक असं खरंच असतं का, आणि तपासायचं ते कसं. आणि याहून मोठी काळजी वेगळीच आहे, रोजची सकाळची सोडली तर आई स्ट्रिप फुकट जाईल म्हणून तपासायचंच टाळते. गेल्या आठवड्यात तिला दुपारी चक्कर आल्यासारखं झालं, हात थरथरत होते, तरी मशीन काढलं नाही, "एक स्ट्रिप म्हणजे वीस रुपये गो" म्हणाली. मला फार वाईट वाटलं ते ऐकून. कुणाकडे अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

---

लॅबवाला_म्हापसा

मानसीताई, आधी मला दोन गोष्टी सांगा. घरी घेतलेलं रक्त लॅबमध्ये पोचायला किती वेळ लागला असेल, आणि नळीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं, राखाडी की लाल/पिवळं?

हे विचारतोय कारण लॅबचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य असं सगळे धरून चालतात, पण रक्त नळीत गेल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर वापरत राहतात. साध्या नळीत तसंच ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते, उकाड्यात जास्तच. राखाडी झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं, त्याने ही घट थांबते, पण तेही घातल्या घातल्या नाही, पहिला तास-दोन तास थोडी घट होतेच. आता मुलगा सकाळी ७ ला तुमच्याकडे आला, मग आणखी चार घरं केली, मग लॅबला गेला, मग सेंट्रिफ्यूजला (नळी गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) नंबर लागला, तर बोटातल्या १४० चे नळीत १२८ व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे कदाचित तुमचं जुनं मशीन बरोबरच सांगत असेल.

मशीनच्या बाबतीत नियम असा आहे. आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१३ सालचं. त्यात म्हटलंय की लॅबची शुगर १०० च्या खाली असेल तर मशीन १५ एमजीपेक्षा (म्हणजे दिसणाऱ्या आकड्यात १५ पेक्षा) जास्त चुकता कामा नये आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि हे १०० पैकी निदान ९५ वेळा जमलं पाहिजे. याच्या आधीच्या २००३ च्या मानकात वरच्या आकड्यांना २० टक्के सूट होती. म्हणजे आताच्या नियमातही खरी शुगर २०० असताना एक मशीन १७० दाखवेल, दुसरं २३० दाखवेल आणि दोन्ही नियमात बसतील!! साठाचा फरक आहे हा. म्हणून दोन मशीनं एकमेकांशी ताडून काहीच कळत नाही, प्रत्येक मशीन लॅबशी ताडायचं असतं.

कसं ताडायचं ते सांगतो. उपाशीपोटी स्वतः लॅबमध्ये जा, दोन्ही मशीनं बरोबर घेऊन. हात धुवून कोरडे करा, हातातून रक्त काढलं की पाच मिनिटांच्या आत बोट टोचून दोन्हीवर बघा. लॅबवाल्याला सांगा की सॅम्पल लगेच लावा. जेवणानंतरचं नको, कारण जेवल्यावर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्त असते आणि तो फरक मशीनची चूक म्हणून धरला जातो.

आणि हो, आईचं हिमोग्लोबिन किती आहे? हे विसरू नका, नक्की सांगा.

---

दिगंबर_सत्तरी

आमच्याकडे बाबा इन्सुलिनवर आहेत, त्यामुळे खर्चाचं गणित मी पुरतं करून ठेवलंय. मशीनची किंमत बघूच नका. मशीन पाचशेला मिळो की पंधराशेला, ते एकदा घ्यायचं. खरा पैसा स्ट्रिप्समध्ये जातो. बाबांचं दिवसातून तीनदा बघावं लागतं, म्हणजे वर्षाला अकराशे स्ट्रिप्स झाल्या. स्ट्रिप वीस रुपयांना पडली तर २२ हजार, दहाला पडली तर ११ हजार, वर लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) वेगळे. पेन्शनीवर चाललेल्या घरात ११ हजारांचा फरक म्हणजे लहान नाही.

तरी पण आम्ही बाबांसाठी महागडंच ठेवलं. कॉन्टूर प्लस आहे. त्याचं कारण बाबांचा हात थरथरतो आणि थेंब नेहमी अपुरा पडतो, आणि त्या मशीनमध्ये रक्त कमी पडलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत त्याच स्ट्रिपला परत थेंब लावता येतो. बाकी बऱ्याच मशीनांत एरर येऊन स्ट्रिप गेली. म्हणजे कागदावर स्वस्त दिसणारी स्ट्रिप वाया किती जाते तेही धरायला हवं.

दुसरं म्हणजे इन्सुलिनवाल्याला खालचे आकडे महत्त्वाचे. वर लॅबवाल्यांनी सांगितलं तेच, १०० च्या खाली १५ एमजी इकडेतिकडे चालतं. मशीनने ७८ दाखवलं तर खरी ६३ पण असू शकते. एकदा रात्री बाबांना दरदरून घाम आला, बोलणं अडखळत होतं, मशीन म्हणतंय ७८. आईने आकड्याकडे बघत न बसता चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी परत बघितलं. आमच्या डॉक्टरांचं पण तेच सांगणं आहे, लक्षणं दिसली तर आधी साखर द्या.

मानसीताई, तुमच्या आईची ती ग्लिमेपिराइडची गोळी आहे ना, तिनेही शुगर खाली जाऊ शकते. दुपारची ती थरथर डॉक्टरांच्या कानावर घाला, इथे उत्तर मिळायची वाट बघू नका.

---

डिचोलीचे_काका

मी स्वतः मधुमेही, निवृत्त. मशीन कुठलं यावर सगळे बोलतात पण आपल्या गोव्यात स्ट्रिपची खरी शत्रू हवा आहे. जून ते सप्टेंबर घरात कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतो, तिथे स्ट्रिपवरच्या एन्झाइमचं काय होत असेल? स्ट्रिपच्या डबीला आतून ओलावा शोषणारा थर असतो, म्हणून ती डबी हीच तिची जागा. आमच्या शेजारच्या वहिनींच्या डबीचं झाकण तुटलं म्हणून त्यांनी स्ट्रिप्स स्टीलच्या छोट्या डबीत काढून ठेवल्या, ती डबी स्वयंपाकघरात पेजेच्या टोपाच्या वरच्या फळीवर. आठवडाभरात आकडे वेडेवाकडे यायला लागले, सकाळी ९०, दहा मिनिटांनी १७०. मशीन बदलायला निघाल्या होत्या, मी म्हटलं आधी नवी डबी उघडून बघा. नव्या डबीवर सगळं सुरळीत.

म्हणून सांगतो, स्ट्रिप काढली की झाकण लगेच टच्च लावायचं, ओल्या हाताने डबीत बोट घालायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही (बाहेर काढल्यावर आत दव धरतं), आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. बहुतेक स्ट्रिप्सना ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातला थंड कोपरा शोधावा लागतो. आमच्याकडे देवघराच्या खालच्या खणात असते.

डबी उघडली की त्यावर पेनाने तारीख घालायची. काही कंपन्यांच्या स्ट्रिप्स उघडल्यावर तीन महिने चालतात, काहींच्या सहा महिने, काहींच्या छापलेल्या तारखेपर्यंत. आतला कागद वाचा. ज्यांच्याकडे अ‍ॅक्यू-चेक अ‍ॅक्टिव्ह आहे त्यांना आणखी एक सोय आहे, स्ट्रिपच्या मागे रंगाची गोल खिडकी असते, रक्त लावायच्या आधी तिचा रंग डबीवर छापलेल्या न वापरलेल्या स्ट्रिपच्या रंगाशी जुळतो का बघायचा. जुळला नाही तर ती स्ट्रिप टाकून द्या. रक्त लावल्यावरही डबीवरच्या रंगांशी ताडून आकडा साधारण खरा वाटतो का ते कळतं.

---

रोहन_मडगाव

काकांचं हवेचं शंभर टक्के पटलं. फार्मसीवाल्याचं "स्वस्तातलं घेऊच नका" मात्र मला पटत नाही, आणि "सगळी मशीनं सारखीच" हेही नाही.

अमेरिकेत डायबिटीस टेक्नॉलॉजी सोसायटीने तिथल्या बाजारातली १८ मशीनं स्वतंत्रपणे तपासली होती, २०१८ मध्ये ते छापून आलं. निकष होता लॅबपेक्षा १५ टक्क्यांच्या किंवा १५ एमजीच्या आत. १८ पैकी फक्त ६ पास झाली. सगळी १८ सरकारी मंजुरी घेतलेली होती हे लक्षात घ्या!! पहिला नंबर कॉन्टूर नेक्स्टचा, पण पास झालेल्यांत वॉलमार्ट आणि सीव्हीएस या दुकानांच्या स्वतःच्या नावाने विकली जाणारी स्वस्त मशीनंही होती, आणि नापास झालेल्यांत मोठ्या नावाची होती. म्हणजे किंमत बघून अचूकपणा ठरवता येत नाही, कुणीतरी तपासलेलं असलं पाहिजे. ती मॉडेल्स आपल्याकडे जशीच्या तशी मिळत नाहीत म्हणून ती यादी घेऊन फार्मसीत जाऊ नका, पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे.

खोक्यावर किंवा आतल्या कागदावर "आयएसओ १५१९७:२०१३" असं सालासकट लिहिलंय का ते बघा. नुसतं "आयएसओ सर्टिफाइड" म्हणजे कारखान्याचं सर्टिफिकेटही असू शकतं, त्याचा अचूकपणाशी संबंध नाही.

पैशाचं, माझ्या बघण्यात डॉ. मोरपेन, बीटओ वगैरेंची स्ट्रिप मोठा पॅक घेतला तर दहा-बारा रुपयांपर्यंत पडते, अ‍ॅक्यू-चेक, वनटच, कॉन्टूर वीसच्या आसपास, थोडं कमी-जास्त. मशीनच्या किमतीवर सरकारने जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांचा नफा ७० टक्क्यांवर बांधून घातला होता. आणि सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे जुनी छापील किंमत असलेली डबी हातात आली तर काउंटरवर विचारा, लाजू नका.

आपण गोंयकारांनी तर हे शिकूनच घ्यायला हवं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब नावाच्या मधुमेह सर्वेक्षणाचे आकडे २०२३ मध्ये आले त्यात गोवा देशात पहिला होता, मोठ्या माणसांत २६.४ टक्के मधुमेह. देशाचा आकडा ११.४. दर चौथ्या माणसाला लागणारी वस्तू आहे ही.

---

सिस्टर_नीता

मी हेल्थ सेंटरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, रोज कितीतरी बोटं टोचते. मशीनपेक्षा बोटाची तयारी जास्त वेळा चुकते हे माझं ठाम मत.

हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. मे महिन्यात माणूस मानकुराद सोलून खातो, हात धोतराला पुसतो आणि येऊन बसतो, बोटाला आंब्याचा रस असतो, शुगर ३०० दिसते! फळाची साखर बोटाला चिकटून राहते, स्पिरिटने ती जात नाही, पाण्यानेच जाते. उलट स्पिरिट ओलं असतानाच टोचलं तर थेंब पातळ होऊन आकडा बिघडतो. पाणी जवळ नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्यावा.

टोचायचं बोटाच्या कडेला, मधल्या गाभ्यात नाही, तिथे दुखतं. हात खाली सोडून जरा हलवा, कोमट पाण्यात धरा, पण बोट पिळून पिळून रक्त काढू नका, पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा चुकतो. आणि वापरलेले लॅन्सेट कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका हो, कचरा उचलणाऱ्या माणसांना टोचतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण लावा आणि आपल्या हेल्थ सेंटरला विचारून द्या.

मानसी बाय, आईला सांग की चक्कर आली तेव्हाची स्ट्रिप ही सगळ्यात वसूल झालेली स्ट्रिप. रोज सकाळी उपाशीपोटी एकच आकडा बघून वहीत लिहिणं, वर्षानुवर्षं, त्यातून डॉक्टरला फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी जोडी बघा, एकदा जेवायच्या आधी आणि एकदा पहिल्या घासापासून दोन तासांनी. एक आठवडा दुपारच्या शीत-कडीची (भात-कालवणाची) जोडी, पुढच्या आठवड्यात सकाळच्या पावाची, मग रात्रीची. तीन आठवड्यांत कळतं कुठल्या जेवणाने शुगर चढते. गोळ्यांवरच्या, बऱ्यापैकी स्थिर असलेल्या माणसासाठी सांगतेय मी, इन्सुलिनवाल्यांनी आपलं वेळापत्रक डॉक्टरांचंच पाळायचं.

---

मानसी_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी समोर बसूनही सांगत नाही. लॅबवाले दादा, नळीच्या झाकणाचा रंग आईला आठवत नाही पण मुलगा आमच्यानंतर कुर्टीला आणि पुढे बांदोड्याला जाणार होता असं म्हणाला होता.

तुम्ही सांगितलं तसं आज आईला घेऊन लॅबमध्येच गेले. त्यांनी सॅम्पल समोरच लावलं. लॅब १४६. जुनं मशीन १५१, नवीन १६३. दादाच्या मशीनचा आकडा वर आहे पण १५ टक्के धरले तर १६७ पर्यंत चालतं ना? म्हणजे पास??

आणि हिमोग्लोबिन मागच्या रिपोर्टमध्ये ९.८ आहे. त्याचा काय संबंध ते सांगा, मला धाकधूक लागलीय.

---

लॅबवाला_म्हापसा

घाबरू नका. हो, १४६ चे १५ टक्के म्हणजे २२, तेव्हा १२४ ते १६८ मधलं काहीही नियमात बसतं, दोन्ही पास. जुनं साडेतीन टक्के वर, नवीन साडेअकरा टक्के वर.

आता हिमोग्लोबिन का विचारलं ते. मशीन थेंबातल्या पातळ भागातली साखर मोजतं. रक्तात लाल पेशी कमी असल्या, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी असलं, की बऱ्याच मशीनांचा आकडा खऱ्यापेक्षा वर जातो, आणि लाल पेशी जास्त असल्या की खाली येतो. ९.८ हिमोग्लोबिन म्हणजे हिमॅटोक्रिट अंदाजे २९-३० टक्के. तुमच्या नव्या मशीनच्या कागदावर "हिमॅटोक्रिट रेंज" असा शब्द शोधा. काही मशीनांची ३० ते ५५ असते, काहींची बरीच रुंद असते, कॉन्टूर प्लसची तर ० ते ७० आहे. तुमच्या मशीनची ३० पासून असेल तर आई अगदी काठावर आहे आणि आकडा वर यायचं ते एक कारण असू शकतं. ते मशीन तुमच्या दादाला कदाचित चोख चालेल, आईला नाही. कुठलं मशीन चांगलं याचं उत्तर ज्याचं रक्त त्याच्यावर पण आहे.

यात मशीनपेक्षा मोठी गोष्ट ही की ९.८ का आहे ते डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांचं बी१२ कमी होतं, लोह कमी असू शकतं, किडनीचंही बघतात. आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची म्हणून जी एचबीएवनसी तपासणी करतात ती पण लाल पेशींवरच मोजतात, लोहाच्या कमतरतेत ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. एचबीएवनसी ७ म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४ असं गणित आहे, आईच्या वहीतले आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

आणखी एक, मशीन ५-१० टक्के वर दाखवतं पण दर वेळी तेवढंच वर दाखवतं, तर त्याने काम भागतं, आपल्याला कल कळतो. पण एकाच बोटाच्या दोन थेंबांवर एकदा १३० आणि एकदा १७५ दाखवत असेल तर ते कितीही फुकट मिळालं तरी नको.

---

दिगंबर_सत्तरी

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे खूप जणांची मुलं इंग्लंडला, आखातात. येताना प्रेमाने मशीन आणतात. तिकडच्या काही मशीनांवर आकडा मिलिमोलमध्ये येतो, ७.८ वगैरे. आमच्या गावात एका आजोबांच्या मशीनवर ९.५ आलं आणि घरच्यांना वाटलं शुगर एकदम खाली गेली, साखर चारायला धावले. ९.५ ला १८ ने गुणायचं, १७१ होते ती. आणि बऱ्याचदा त्या मॉडेलच्या स्ट्रिप्स इथे मिळत नाहीत, आणलेली डबी संपली की मशीन शोकेसमध्ये. मशीन घेण्याआधी आपल्या गावच्या फार्मसीत त्याची स्ट्रिप ठेवतात का ते विचारायचं. वाळपईत आम्हाला एक-दोन ब्रँडच खात्रीने मिळतात, बाकी सगळं ऑनलाइन, आणि पावसात पार्सल रखडलं की बाबांचं तपासणं अडतं.

---

रोहन_मडगाव

कुणीतरी आता सेन्सरबद्दल विचारेलच म्हणून लिहून ठेवतो. दंडावर लावायचा तो सेन्सर १४ दिवस चालतो आणि एकाला चार-पाच हजार पडतात. तो रक्तातली नाही, त्वचेखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर भराभर चढत-उतरत असेल तेव्हा काही मिनिटं मागे असतो. इन्सुलिनवाल्यांना, रात्री शुगर पडणाऱ्यांना फार उपयोगी. मानसीच्या आईसारख्यांना बारा महिने परवडायचं नाही आणि गरजही नाही, पण डॉक्टर म्हणाले तर वर्षातून एखादा लावून बघायला हरकत नाही, कुठल्या जेवणाला काय होतं ते रेषेवर दिसतं.

---

मानसी_फोंडा

कागद मिळाला! नव्या मशीनची रेंज ३० ते ५५ लिहिलीय. जुन्याची त्याच्याहून रुंद आहे. मग ठरलं, आईसाठी जुनंच ठेवतेय, नवीन दादा घेऊन जाईल, त्यालाही आता चाळिशीत अधूनमधून बघायलाच हवं. डॉक्टरांची परवाची वेळ घेतलीय, ती थरथर आणि हिमोग्लोबिन दोन्ही सांगणार.

नीता सिस्टर, तुमचं जोडीचं आईला फार पटलं. आठवड्याला चार स्ट्रिप्स, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा, वर चक्कर-बिक्कर आली तर म्हणून सात-आठ धरल्या तरी ५० ची डबी दोन महिने जाते, म्हणजे महिन्याला पाचशे रुपये. मी तिला वहीत मांडून दाखवलं तेव्हा ती म्हणाली एवढंच होय, मी समजत होते हजारो जातात. ती रोज सकाळचीच स्ट्रिप वापरत होती आणि त्यातच सगळं संपत होतं.

एकच शंका राहिली, २५ ची डबी घेऊ की ५० ची? पावसाळ्याचं काकांनी लिहिलंय म्हणून विचारते. १०० च्या पॅकवर चांगली सूट दिसतेय ऑनलाइन.

---

डिचोलीचे_काका

१०० च्या पॅकमध्ये बहुतेक वेळा ५० च्या दोन डब्या असतात, तसं असेल आणि तारीख लांबची असेल तर घ्यायला हरकत नाही, दुसरी डबी पहिली संपेपर्यंत सील फोडायची नाही. दोन महिन्यांत एक संपते म्हणजे उघडल्यावरच्या तीन महिन्यांच्या आतच झालं. पण पार्सल हातात आल्यावर आधी एक्सपायरी बघा, सूट असते त्या मालाची तारीख कधी कधी जवळ आलेली असते. सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर परत पाठवा. आणि नवी डबी उघडाल त्या दिवशी जुन्या डबीतली शेवटची एक स्ट्रिप राखून ठेवा, एकाच बोटावर दोन्ही बघा. फरक मोठा आला तर कुठली तरी एक डबी बिघडलीय.

---

लॅबवाला_म्हापसा

काकांचं बरोबर. त्यात एवढंच घालतो की वर्षातून एकदा-दोनदा, लॅबला जायचंच असतं त्या दिवशी, मशीन पर्समध्ये टाकून न्या आणि आजच्यासारखं ताडून घ्या. हिमोग्लोबिन सुधारलं की जुन्याचा आकडाही थोडा हलू शकतो, तेव्हा औषध सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी एकदा बघा आणि तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, डॉक्टर बदलले तरी कळेल.

---

मानसी_फोंडा

लिहून घेतलं. ५० च्या दोन डब्यांचा पॅक मागवतेय, तारीख बघूनच घेईन. देव बरें करूं सगळ्यांचं. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच टाकते.